घरचा व्यायाम आणि ताटाचा हिशेब

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनानिमित्त दुधनी येथे भरलेल्या स्नेहमेळाव्यात प्रशासन विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाची संहिता)



दरवर्षी या व्यासपीठावरून आम्ही जमा-खर्चाचा गोषवारा आपणांसमोर ठेवतो. तो याही वर्षी अहवालात छापला आहे व लेखापरीक्षकांच्या सहीनिशी छापला आहे. आज मात्र आपण सर्वजण एकत्र जमलात म्हणून एका वेगळ्या हिशेबाविषयी बोलण्याची परवानगी विश्वस्त मंडळाकडून मागून घेतली आहे. वजन कमी करण्यासाठी घरी कठोर व्यायाम करणाऱ्याने दिवसाला किती खावे, हा तो हिशेब. आम्ही वाणिज्य शाखेचे. वैद्यकशास्त्र हा आमचा विषय नव्हे. तरी हा विषय निवडण्यास कारण घडले, आणि ते कारण आमच्याच एका चुकीत आहे.

२०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदी लागली, तालमी व व्यायामशाळा बंद झाल्या आणि व्यायाम घरात आला. मोबाइल समोर ठेवून माळवदावर, पत्र्याच्या खोलीत, बाजारपेठेतल्या बंद दुकानाच्या मागच्या भागात तरुण मुले व गृहिणी उड्या, बैठका, जोर काढू लागल्या. टाळेबंदी उठली, पण ही सवय टिकली, याचा आम्हांला आनंदच आहे. सूर्यनमस्काराचा प्रसार करणाऱ्या औंधच्या पंतप्रतिनिधींच्या महाराष्ट्राला घरी व्यायाम करणे काही नवे नाही. लोक व्यायामाला लागले आहेत, तर त्यांना आहाराचेही मार्गदर्शन व्हावे, या सद्‌हेतूने आम्ही एक पत्रक छापले व बाह्यरुग्ण विभागाच्या भिंतीवर लावले. त्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते : ‘वजन कमी करण्यासाठी दररोज १२०० कॅलरी.’ उंची, वय, काम, व्यायाम यांचा त्यात उल्लेख नव्हता. स्त्रीला तेवढ्याच, पुरुषाला तेवढ्याच.

२०२३ च्या मे महिन्यात एका माउलीने आपल्या मुलाला दुपारी दवाखान्यात आणले. मुलगा तिशीतला, दिवसभर दुकानात बसणारा. लग्न ठरले होते, म्हणून वजन उतरवायचे मनावर घेतलेले. रोज पहाटे पाऊण तास घाम गाळायचा आणि आमच्या पत्रकाप्रमाणे मोजून खायचे. दोन महिन्यांत सात-आठ किलो उतरले. मग काटा हलेना, तेव्हा त्याने रात्रीचे जेवणही सोडले. त्या दिवशी तो जिन्यावर चक्कर येऊन पडला. डॉक्टरांनी तपासले, रक्तदाब उतरला होता, अंगातले पाणी व क्षार कमी झाले होते. सलाइन लावले, सायंकाळपर्यंत तो उठून बसला. अनर्थ टळला. परंतु त्याच्या आईने पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढून आमच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, “साहेब, तुमच्याच कागदावर लिहिल्यापरमाणं चाललं होतं की त्याचं.”

तिच्या स्वरात राग नव्हता. त्यामुळेच ते वाक्य अधिक लागले. ते पत्रक आम्ही त्याच दिवशी भिंतीवरून उतरविले. त्यानंतर आमच्या डॉक्टरांकडून व पुस्तकांतून हा विषय समजून घेतला. जे समजले ते आज आपणांसमोर मांडत आहोत.

दुकानाचा मासिक खर्च ठाऊक नसताना बचत किती करावी हे जसे ठरविता येत नाही, तसेच शरीराचा खर्च ठाऊक नसताना किती कमी खावे हेही ठरविता येत नाही. शरीराच्या खर्चाची मुख्य खाती तीन. पहिले व सर्वांत मोठे म्हणजे नुसते जिवंत राहण्याचा खर्च : हृदय, फुप्फुसे, मेंदू, यकृत यांचा, माणूस अंथरुणावर पडून असला तरी चालूच राहणारा. दुसरे दिवसभराच्या हालचालीचे व खाल्लेले पचविण्याचे. तिसरे मुद्दाम केलेल्या व्यायामाचे. आपण व्यायामाला सर्वांत मोठे खाते समजतो. बहुतेकांच्या बाबतीत ते सर्वांत लहान असते.

पहिल्या खात्याचा अंदाज काढण्यासाठी १९९० साली अमेरिकेत मिफ्लिन व सेंट जॉर यांनी मांडलेले सूत्र आहारतज्ज्ञ आजही वापरतात. किलोतील वजनाला १० ने गुणावे, सेंटिमीटरमधील उंचीला ६.२५ ने गुणून त्यात मिळवावे, वयाच्या पाचपट वजा करावे. पुरुष असल्यास शेवटी ५ मिळवावेत, स्त्री असल्यास १६१ वजा करावेत.

त्या मुलासारखाच एक तरुण धरू : वय ३०, वजन ८० किलो, उंची १६८ सेंटिमीटर. ८०० अधिक १०५०, वजा १५०, अधिक ५. म्हणजे १७०५ कॅलरी. हा त्याचा पडून राहण्याचा खर्च. बैठे काम असल्याने याला १.२ ने गुणले की २०४६ होतात. पाऊण तासाच्या जोरकस व्यायामात, मधली विश्रांती धरून, साधारण ३०० कॅलरी जादा खर्च होतात असे मानू. आठवड्यातून पाच दिवस व्यायाम केल्यास दिवसाची सरासरी सव्वादोनशेच्या आत पडते. एकूण खर्च झाला सुमारे २२६०. आमचे पत्रक त्याला १२०० सांगत होते. म्हणजे रोजची तूट हजाराहून अधिक, आणि त्याने रात्रीचे जेवण सोडल्यावर तर त्याहूनही मोठी.

आता एक गृहिणी घेऊ : वय ४०, वजन ६८ किलो, उंची १५२ सेंटिमीटर. सूत्राने तिचा पडून राहण्याचा खर्च १२६९ येतो. म्हणजे आमचे पत्रक तिला अंथरुणावर निजून राहण्यापुरतेही अन्न देत नव्हते. घरकामाची ये-जा धरून १.३७५ ने गुणले की १७४५, आणि आठवड्यातून पाच दिवस अर्ध्या तासाचा व्यायाम मिळवला की सुमारे १८७५. दोघांचा खर्च इतका वेगळा, मग दोघांना एकच आकडा कसा लागू पडावा?

येथे एक सावधगिरी. काहीजण ‘खूप श्रम करणारा’ म्हणून मोठ्या आकड्याने गुणतात आणि वर व्यायामाच्या कॅलरीही वेगळ्या मिळवितात. एकच रक्कम दोनदा जमेस धरण्याचा हा प्रकार. मनगटी घड्याळ दाखवील त्या कॅलरीही तंतोतंत मानू नयेत. २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी अशी सात यंत्रे तपासली. कॅलरी मोजण्यात त्यांतील सर्वांत बऱ्या यंत्राचीही सरासरी चूक २७ टक्के निघाली.

खर्च कळला, आता तूट किती ठेवावी? एक किलो चरबीच्या घटीमागे साधारण ७७०० कॅलरी धरतात. रोज ५०० ची तूट ठेवली तर आठवड्याला ३५००, म्हणजे अर्ध्या किलोच्या आसपास. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांतही आठवड्याला अर्धा किलो घट सुरक्षित मानली आहे, आणि वजन घटविण्याचा आहार कोणत्याही परिस्थितीत १००० कॅलरींच्या खाली नसावा असे बजावले आहे. ही हजाराची रेघ लक्ष्य नसून लक्ष्मणरेषा आहे. या हिशेबाने त्या तरुणाने १७६० च्या आसपास खायला हवे होते आणि आपल्या गृहिणीने, तूट ४०० ठेवून, १४७५ च्या आसपास. दोघांचाही आहार त्यांच्या पडून राहण्याच्या खर्चाच्या खाली जात नाही, हे कृपया लक्षात घ्यावे. कठोर व्यायाम करणाऱ्याने ही खूण सोडू नये.

कोणी विचारील, तूट दुप्पट ठेवली तर वजन दुप्पट वेगाने उतरेल, मग घाई का नको? व्यवहारात तूट भरून काढण्याचे दोन मार्ग असतात : शिल्लक वापरणे किंवा भांडवल मोडणे. शरीराची शिल्लक म्हणजे चरबी आणि भांडवल म्हणजे स्नायू. तूट बेताची असेल, प्रथिने पुरेशी असतील व स्नायूंना काम मिळत असेल, तर शरीर मुख्यतः शिल्लक वापरते. तूट फार मोठी झाली की भांडवलालाही हात घालते. काटा दोन्हींत फरक करीत नाही. तो फक्त बेरीज दाखवितो.

आपल्या लोकांच्या बाबतीत हा धोका अधिक आहे, आणि ही गोष्ट जगाला दाखवून देण्याचे काम आपल्याच महाराष्ट्रातील एका विश्वस्त रुग्णालयात झाले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता व बालकांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधील साउदम्पटनच्या बालकांचे ३.५ किलो. आपली बालके हडकुळी. परंतु त्यांच्यात कमतरता होती ती मुख्यतः स्नायूंची, कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. पुढे २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक यांचे व ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी प्रसिद्ध झाले. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक एकच, २२.३. परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण डॉ. युडकिन यांचे ९.१ टक्के व डॉ. याज्ञिक यांचे २१.२ टक्के!

याचा अर्थ असा, की आपल्यापैकी अनेकांचे भांडवल मुळातच तुटपुंजे आहे. ते मोडून वजन उतरविणारा माणूस काट्यावर हलका होतो, पण पोटाची चरबी व मधुमेहाची भीती बरीचशी तशीच राहते. म्हणून वजनाबरोबर कंबरेचा घेर मोजावा. भारतीय पुरुषाचा ९० सेंटिमीटरच्या आत व स्त्रीचा ८० च्या आत असावा, असे तज्ज्ञ सांगतात.

कमी अन्न व जास्त श्रम यांची जोडी माणसाचे काय करते, याचा एक जुना दाखला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस युरोपात उपासमार होती. उपाशी लोकांना पुन्हा उभे कसे करावे हे कळण्यासाठी १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात डॉ. अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना सुमारे सहा महिने अल्पाहारावर ठेवले. अन्न दिवसाला सोळाशे कॅलरींच्या जवळपास, आणि आठवड्याला सुमारे ३५ किलोमीटर चालण्याची सक्ती. त्यांचे वजन एक चतुर्थांशाने घटले, ताकद गेली, सतत थंडी वाजू लागली, चिडचिड वाढली, डोक्यात अन्नावाचून दुसरा विचार येईना. ती माणसे मुळात सडपातळ होती, आपली तशी नाहीत, हे खरे. पण सोळाशे हा आकडा ऐकून आम्हांला आमचे बाराशेचे पत्रक आठवल्यावाचून राहिले नाही.

याच्या उलट चूकही आपल्या भागात होते. तालमीत मेहनत करणाऱ्या पोराला वस्ताद आधी खुराक विचारीत, कारण त्याचा श्रम दोन्ही वेळचा व तासन्‌तासांचा असे. आता अर्धा तास घरी व्यायाम करून कोणी पैलवानाचा खुराक घेऊ लागला, दूध, तूप, बदाम, केळी, तर काटा वरच जाणार. वीस ग्रॅम तुपात सुमारे १८० कॅलरी असतात, म्हणजे व्यायामाचा मोठा भाग दोन चमच्यांत परत आला.

आता आपल्या ताटाकडे येऊ. यासाठी परगावाहून काही मागवावे लागत नाही. साठ ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत सुमारे २१० कॅलरी व सहा ग्रॅम प्रथिने असतात. ज्या तुरीवर आपल्या दुधनीच्या बाजार समितीचा व्यवहार चालतो, तिच्या शंभर ग्रॅम कच्च्या डाळीत सुमारे ३३५ कॅलरी व २२ ग्रॅम प्रथिने असतात. शेंगदाण्यात प्रथिने उत्तम, पण शंभर ग्रॅमला ५६७ कॅलरी. म्हणून शेंगाचटणी चमच्याने मोजून घ्यावी, वाटीने नव्हे. तेलाच्या प्रत्येक ग्रॅमला ९ कॅलरी.

त्या १७६० वाल्या तरुणाचे दिवसाचे ताट असे बसते : तीन भाकऱ्या, तूरडाळ, मटकी, हुलगा मिळून कच्चे १२० ग्रॅम, शेंगदाणे ३० ग्रॅम, सर्व स्वयंपाकात मिळून तेल २० ग्रॅम, गाईचे दूध व दही मिळून ४०० मिलिलिटर, पालेभाजी, काकडी, कांदा व एखादे फळ. बेरीज १७७० च्या आसपास व प्रथिने सुमारे ७० ग्रॅम. अंडी चालत असल्यास एका भाकरीऐवजी दोन उकडलेली अंडी घ्यावीत. एरवी प्रौढाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरेशी मानतात; वजन घटवीत व्यायाम करणाऱ्याने, मूत्रपिंडे निरोगी असल्यास, आपल्या योग्य वजनाच्या दर किलोमागे १.२ ग्रॅम किंवा थोडी अधिक घ्यावीत. त्यासाठी महागडे डबे विकत आणण्याची गरज नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या सूचनांत अशा पुडांपासून दूर राहण्याचाच सल्ला दिला आहे. या ताटात साखर धरलेली नाही. दिवसाचे चार कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे १६० कॅलरी गुपचूप वाढल्या.

वेळा अमावास्येला शेतात भज्जी-भाकरी, अंबील झाली, किंवा पंगतीत हुग्गी पानावर आली, तर अपराध वाटून घेऊ नये. हिशेब आठवड्याचा ठेवावा. मात्र दुसऱ्या दिवशी कडकडीत उपवास करून वर दुप्पट व्यायाम करू नये. उपवासाच्या दिवशी व्यायाम हलका ठेवावा.

कोणताही अंदाज प्रत्यक्ष शिलकेशी जुळवून पाहावा लागतो. रोज सकाळी शौचानंतर, काही खाण्यापूर्वी वजन करावे व आठवड्याची सरासरी लिहावी. पहिल्या आठवड्यात जास्त उतरते, त्यात पाणी असते. तसेच व्यायामानंतर लगेच कमी दिसते तेही पाणीच. तीन-चार आठवडे सरासरी हललीच नाही, तर अर्धी भाकरी कमी करावी. पहिल्या पंधरवड्यानंतरही आठवड्याला किलोहून अधिक उतरत असेल, तर अन्न वाढवावे. चार-पाच किलो घटल्यावर सूत्र पुन्हा मांडावे, कारण हलक्या शरीराचा खर्चही कमी होतो. त्या तरुणाचा काटा थांबला होता तेव्हा त्याने जेवण सोडले. खरे तर त्याने फेरहिशेब मांडायला हवा होता, आणि तो मांडून देणे हे आमचे काम होते.

काहींनी डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून हा मार्ग धरूच नये. इन्सुलिन अथवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या चालू असताना अन्न कमी व व्यायाम जास्त झाला, तर साखर धोकादायकरीत्या खाली येते. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेले, हृदयाचे व मूत्रपिंडाचे रुग्ण, गर्भवती व स्तनदा माता, आणि अठरा वर्षांखालील मुले-मुली यांनीही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणून भगिनींनी आधी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. चक्कर, छातीत दुखणे, पाळी चुकणे, मूठभर केस गळणे, झोप उडणे, ही थांबण्याची लक्षणे समजावीत. आणि सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याखालचा व्यायाम सूर्य वर येण्यापूर्वीच आटोपावा.

सज्जनहो, त्या जुन्या पत्रकाच्या जागी आता भिंतीवर आकडा नाही. तेथे एक टेबल आहे. त्यावर वजनकाटा, उंची मोजण्याची पट्टी, कंबरेसाठी फीत आणि एक वही. जो येईल त्याचा हिशेब परिचारिका भगिनी त्याच्यासमोर मांडतात, डॉक्टर तो पाहून सही करतात, आणि कागद मराठीत व कन्नडमध्ये हाती दिला जातो. महिन्याने पुन्हा बोलाविले जाते. या व्यवस्थेला फारसा पैसा लागत नाही, वेळ लागतो. देणगीदारांना आमची विनंती एवढीच, की यंत्रसामग्रीइतकेच या वेळेलाही आपण मोलाचे मानावे. मोठे यंत्र दाखविता येते, त्याच्यावर नावाची पाटी लावता येते. न आलेली चक्कर, न मोडलेला स्नायू दाखविता येत नाही.

तो मुलगा पुढे चार महिने या टेबलाशी येत राहिला. भाकरी वाढवूनही त्याचा घेर उतरला, हे सांगताना त्याच्या आईने या वेळी पेढे आणले होते. आम्ही त्यातला अर्धा घेतला व वहीत नोंदवला.

आमच्या चुकीबद्दल त्या माउलीची व आपणां सर्वांची क्षमा मागतो, आपल्या विश्वासाबद्दल ऋण व्यक्त करतो आणि येथेच थांबतो.